बाळ झालं, आता बाळंतिणीकडे बघा

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या सदरातली उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या परिचारिका मिळून लिहितात.

या वेळी नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांतली बाळाच्या वजनाची, काविळीची, दुधाची पत्रं बाजूला ठेवली आहेत, ती पुढच्या अंकात घेऊ. आज फक्त बाळंतिणीबद्दलचे प्रश्न आहेत. बाळ हाती आलं की घरातल्या सगळ्यांची नजर पाळण्याकडे जाते आणि बाजेवरच्या बाईकडे बघायला कोणी उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बाया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत गेल्या. त्यातल्या दहांपैकी नऊहून अधिक गरीब आणि बेताच्या उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. रक्तस्राव, वाढलेलं बीपी आणि जंतुसंसर्ग ही त्यातली मोठी कारणं. वेळेत कोणाच्या लक्षात आलं, तर तिन्हींवर उपाय आहेत.

प्रश्न: बायकोचं पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात नॉर्मल झालं. आई म्हणते, दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी नेऊ. सिस्टर म्हणतात, अजून एक दिवस थांबा. बाई तर ठणठणीत दिसून राहिली आहे. शिवाय अंगावर किती जाणं बरोबर आणि किती जास्त, हे घरच्या माणसानं ओळखायचं कसं?
– एक वाचक, काटोल

सिस्टरचं ऐका. नॉर्मल प्रसूतीनंतर ४८ तास दवाखान्यात राहायचं, असा आपल्या सरकारी व्यवस्थेचा नियम आहे. जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो, आणि त्यातही पहिले दोन तास सगळ्यात नाजूक.

कारण समजलं की काय बघायचं तेही समजतं. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटून बाहेर आली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना टाके घालता येत नाहीत. गर्भाशयाचे स्नायू आवळून त्या वाहिन्या चिमटीत धरतात, तेव्हाच रक्त थांबतं. स्नायू सैल पडले की रक्त वाहू लागतं. बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण आहे. बाकीची कारणं म्हणजे वारेचा तुकडा आत राहणं, योनिमार्ग किंवा गर्भाशयाचं तोंड फाटणं, आणि क्वचित रक्त गोठण्यातला दोष.

आता घरच्यांनी करायच्या गोष्टी. सोबतच्या बाईनं बेंबीच्या खाली तळहात ठेवून बघावं. नारळासारखा टणक, गोल गोळा हाताला लागला पाहिजे. तो मऊ, पसरट लागला तर घट्ट होईपर्यंत तळहातानं गोल गोल चोळायचं आणि त्याच वेळी सिस्टरला हाक मारायची. गोळा बेंबीच्या वर किंवा एका बाजूला सरकलेला असेल, तर आधी लघवी झाली आहे का ते विचारा. भरलेली मूत्रपिशवी गर्भाशयाला आवळूच देत नाही. प्रसूतीनंतर ६ तासांत एकदा मोकळी लघवी व्हायलाच हवी. बाळाला लवकर अंगावर घेतलं की गर्भाशय आवळतं. त्या वेळी पोटात कळ येते, ती चांगली खूण आहे.

पहिल्या काही तासांत एखादा पॅड पाच मिनिटांच्या आत भिजला, तर थांबायचं नाही. घरी गेल्यावर दिवसाला पाचपेक्षा जास्त पॅड लागत असतील, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील किंवा घाण वास येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत फिकट तांबूस-तपकिरी आणि पुढे चार ते सहा आठवडे पांढरट-पिवळसर जाणं हा नेहमीचा क्रम. फिकट झालेलं पुन्हा लालभडक झालं, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, तर आत वारेचा तुकडा राहिला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल.

फसगत दोन ठिकाणी होते. पहिली कापडाची. जुन्या लुगड्याच्या सहा घड्या खाली घातल्या की त्या भरपूर रक्त पितात आणि वरून फारसं दिसत नाही. रक्त पाठीखालीही साचतं. म्हणून वापरलेले पॅड आणि कापडं लगेच फेकू नका, सिस्टरला दाखवा. रक्ताचं एक मिलिलिटर म्हणजे वजनात जवळपास एक ग्रॅम, त्यामुळे तराजूवरही अंदाज लागतो. दुसरी फसगत बीपीची. तरुण बाईचं बीपी बरंच रक्त जाईपर्यंत बरं दिसतं आणि मग एकदम कोसळतं. नाडी आधी बोलते. मिनिटाला शंभराच्या वर ठोके, ओठ फिके, घाम, तहान, जीव घाबरणं, एवढं दिसलं तर बीपी ठीक आहे म्हणून गप्प बसायचं नाही.

प्रश्न: मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आफ्रिकेतल्या गरीब देशांत रक्तस्रावावर नव्या पद्धतीनं काम झालं, असं वर्गात सांगितलं. नेमकं काय वेगळं केलं? तिथे तर साधनं आपल्याहून कमी.
– विद्यार्थिनी, नागपूर

औषधं जुनीच होती. बदलली ती मोजण्याची आणि देण्याची रीत. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० दवाखान्यांत २ लाखांहून जास्त प्रसूतींवर हा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं नाव ई-मोटिव्ह.

प्रत्येक बाळंतिणीखाली खुणा केलेली, नरसाळ्यासारखी प्लॅस्टिकची पिशवी लावायची. त्यात रक्त किती साठलं ते रेघेवर वाचता येतं. नजरेच्या अंदाजात रक्त नेहमी कमीच धरलं जातं, आणि तिथंच वेळ जातो. पिशवीनं ५०० मिलिलिटर दाखवलं की लगेच, किंवा ३०० च्या पुढे गेल्यावर नाडी-बीपी बिघडलं असेल तर तेव्हाच, पाच गोष्टी एकामागून एक न थांबता करायच्या: गर्भाशय चोळणं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, शिरेतून सलाइन, आणि मग मूत्रपिशवी, फाटलेली जागा, वार यांची तपासणी. पूर्वी एक उपाय करून बघायचा, वाट पाहायची, मग दुसरा, असं चालायचं. या रीतीनं गंभीर परिणाम साधारण ६० टक्क्यांनी कमी झाले. रक्तस्राव वेळेत ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेलं.

ट्रॅनेक्झामिक ॲसिडबद्दल एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत. २०१७ च्या २० हजार बायांवरच्या चाचणीत तीन तासांनंतर दिलेल्या औषधाचा फायदा दिसला नाही.

मोजण्याच्या पिशवीचं मूळ आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं आहे, हे तुमच्या वर्गात सांगितलं नसेल तर आवर्जून सांगा. बेळगाव जिल्ह्यात उपकेंद्रांच्या एएनएम (प्रसूती करणाऱ्या परिचारिका) ताईंनी केलेल्या प्रसूतींवर मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आवळणाऱ्या गोळ्यांची चाचणी झाली, २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रक्त नेमकं मोजण्यासाठी अशी पिशवी त्याच कामासाठी बनवली गेली होती. आणि बांगलादेशात डॉ. सायेबा अख्तर यांनी कंडोम रबरी कॅथेटरला बांधून, गर्भाशयात ठेवून सलाइननं फुगवण्याची आणि आतून दाबून रक्त थांबवण्याची युक्ती काढली. महागडा फुगा नसलेल्या दवाखान्यांत ती अनेक देशांनी उचलली. ती मात्र औषधं थकल्यावरची पायरी आहे, आणि ती लावतानाच पुढे पाठवण्याची गाडी दाराशी हवी.

प्रश्न: आमच्या उपकेंद्रात उन्हाळ्यात तासन् तास लाइट नसते. ऑक्सिटोसिनचे ॲम्प्यूल टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवले तर चालतात का?
– एएनएम, भिवापूर तालुका

नाही, ताई. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच ठेवायचं. मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याखालच्या खोलीत ४० अंशांच्या पुढे पारा जातो. त्या उष्णतेत औषधाची ताकद कमी होत जाते, आणि ॲम्प्यूलमधलं पाणी मात्र तसंच स्वच्छ दिसतं. मग १० युनिट टोचूनही गर्भाशय आवळत नाही आणि आपण बाईलाच दोष देतो. ॲम्प्यूल फ्रीजच्या दारात ठेवू नका, गोठूही देऊ नका. प्रसूतीच्या वेळी लागेल तेवढंच बाहेर काढा. लाइट गेली तर बर्फाच्या पॅकचा लसवाहक डबा कामाला येतो, पण पॅक थोडे वितळू देऊन मग ॲम्प्यूल ठेवा, म्हणजे गोठणार नाही. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात, पोटात दुसरं बाळ नाही याची हातानं खात्री करून, १० युनिट मांडीत द्यायचं.

ऑक्सिटोसिन नसेलच, तर मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडावाटे, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या. त्या नेहमीच्या तापमानाला टिकतात, पण दमट हवेत खराब होतात, म्हणून पट्टी आधी फोडून ठेवू नका. थंडी वाजून ताप येऊ शकतो, तो औषधाचाच असतो आणि काही तासांत उतरतो. बाळ बाहेर येण्याआधी या गोळ्या कधीही द्यायच्या नाहीत, कळा एवढ्या जोरानं येतात की गर्भाशय फाटू शकतं.

प्रश्न: सूनबाई बाजेवर आहे. आमच्याकडे सवा महिना बाजेखाली शेगडी ठेवतात, पाणी कमी देतात नाहीतर पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते. संत्री, लिंबू, ताक बंद. आशाताई सगळ्यालाच नको म्हणतात. आमच्या आयांनी काय चुकीचं केलं?
– एक आजी, मौदा

आजी, तुमच्या आयांनी बरंच चांगलं केलं. सवा महिना बाईला चुलीपासून, विहिरीपासून दूर ठेवलं, गरम आणि पोटभर खायला दिलं, अंग चोळून दिलं, परक्या माणसांची गर्दी टाळली. हे सोडू नका. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, मेथी, सुंठ, जेवणानंतर चिमूटभर बाळंतशेप, जवसाची चटणी, ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, हे सगळं उत्तम आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. लाडू आणि खीर तीच गरज भागवतात. त्यात रोज एक-दोन अंडी, किंवा दोन वाट्या वरण-उसळ आणि दूध-दही घाला, म्हणजे प्रथिनंही पुरतील.

पाणी मात्र मोकळं द्या, रोज तीन लिटरपर्यंत, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दुधाचा बराच भाग पाण्याचाच असतो. पाणी तोडलं की शौचाला खडा होतो, टाक्यांवर ताण येतो, लघवीत जळजळ होते. आणि एक गोष्ट घरात कोणाला माहीत नसते: बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त आधीच घट्ट, गाठी धरण्याच्या बेतात असतं. पाणी कमी आणि दिवसभर बाजेवर पडून राहणं, या दोन्हींनी पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. एका पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा आला, तर ती मालिशीची गोष्ट नाही. तिला चोळायचंही नाही, दवाखान्यात दाखवायचं. पोट सुटतं ते ताणलेल्या स्नायूंमुळे, पाण्यानं नाही. पाणी साधं किंवा कोमट, कसंही चालेल. लघवी फिकट पिवळी राहिली तर पाणी पुरतंय असं समजा.

शेगडीबद्दल आमचं मत ठाम आहे: कोळशाची शेगडी बंद खोलीत नको. कोळसा धुमसताना जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. दार-खिडकी बंद करून झोपलेली माय-लेकरं त्यानं दगावतात. शिवाय टाक्यांच्या जागेला पहिले काही दिवस बधिरता असते, चटका बसलेला कळत नाही. बाळाचंही ऐका. नागपूरच्या उन्हाळ्यात गुंडाळलेलं, शेकलेलं बाळ तापतं, दूध कमी ओढतं, आणि आपण त्याला आजार समजतो. शेक द्यायचाच असेल तर दिवसा, खिडकी उघडी ठेवून, गरम पाण्याच्या पिशवीनं कमरेला द्या. पिशवीवर फडकं गुंडाळा, बाळ त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. धुरीही नको, बाळाच्या फुप्फुसाला तो धूर सोसत नाही.

आणि संत्री? आजी, आपल्या नागपुरी संत्र्याला बाजेवरून हद्दपार करू नका. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोहाची गोळी अंगी लागते. बाळाच्या सर्दीचा आंबट खाण्याशी संबंध नाही. लोहाची गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस रोज घ्यायची आहे, जेवणानंतर, चहापासून निदान तासभर लांब. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या वेगळ्या वेळी, लोहासोबत नाही, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं. लोहाच्या गोळीनं शौच काळी होते, त्यानं घाबरायचं नाही. चीक काढून टाकू नका आणि बाळाला गुटी, मध, पाणी काहीच देऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध.

प्रश्न: माझी बहीण एसएस पॅटर्नची, म्हणजे सिकलसेलची रुग्ण आहे. चौथ्या दिवशी घरी आली. घरात सगळे म्हणतात, रक्त कमी आहे तर लोहाच्या गोळ्या वाढवा. बाळाचीही तपासणी करायची आहे. नवरा एएस, म्हणजे फक्त वाहक आहे.
– उमरेड

पूर्व विदर्भात सिकलसेलचा प्रश्न जेवढा घरोघरी आहे तेवढा राज्यात फार थोड्या भागांत असेल, म्हणून या पत्राला सविस्तर उत्तर देतो.

लोहाच्या गोळ्या स्वतःहून वाढवू नका. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढवलं असेल तर लोह आणखी साचतं. आधी शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी करून घ्या, ती कमी आली तरच लोह. फॉलिक ॲसिड मात्र ५ मिलिग्रॅम रोज चालू ठेवायचं. ज्या बाया फक्त वाहक, म्हणजे एएस आहेत, त्यांना इतरांसारखीच लोहाची गोळी चालते. नाव एकच असल्यानं गावात हा घोटाळा नेहमी होतो.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे एसएस बाईसाठी गरोदरपणाइतकेच जोखमीचे असतात. थंडी, ताप, तहान, थकवा यांपैकी काहीही पेशींना विळ्यासारखं वाकवून वेदनेचा झटका आणू शकतं. पाणी दिवसाला तीन लिटरच्या पुढे. हिवाळ्यात पहाटे गार पाण्यानं अंघोळ नको. लवकर चालतं-फिरतं करा. गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुचवतील, ती मधेच सोडू नका. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक, छातीत दुखणं, दम लागणं, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९५ च्या खाली, यापैकी एकही दिसलं तर तालुक्याच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट नागपूरच्या मेडिकल, मेयो अशा मोठ्या सरकारी रुग्णालयात. दवाखान्यात पहिल्याच वाक्यात ‘एसएस आहे, अमुक दिवसांची बाळंतीण आहे’ असं सांगा. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध गरोदरपणात बंद केलं असेल, तर ते पुन्हा कधी सुरू करायचं हे बाळ अंगावर पितंय ते सांगूनच डॉक्टरांना विचारा.

बाळाबद्दल: आई एसएस आणि बाप एएस, म्हणजे प्रत्येक बाळ एसएस निघण्याची शक्यता निम्मी, बाकीची निम्मी एएस. पहिल्या सहा महिन्यांत सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी उपयोगाची नाही. बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे ती खोटी निगेटिव्ह येते आणि घरचे निर्धास्त होतात. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी एचपीएलसी तपासणी मागा. बाळ एसएस निघालं तर दोन-तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन द्यायचं आणि न्यूमोकोकल लस वेळेवर घ्यायची. ती सरकारी लसीकरणात सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात मोफत आहे. अशा बाळाचा ताप घरी बघत बसायचा नसतो.

पाळणा लांबवण्यासाठी तिला नेहमीच्या मिश्र हार्मोनच्या गोळ्या नकोत, गुठळीचा धोका वाढतो. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी मोफत मिळणारं अंतरा इंजेक्शन सिकलसेलच्या बायांना चांगलं मानवतं. अंगावर पाजत असेल तर सहा आठवड्यांनंतर सुरू करता येतं.

प्रश्न: वहिनीचं सिझर होऊन सहा दिवस झाले. कालपासून डोकं खूप दुखून राहिलं आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते. पायांवर सूज आहे. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, भाऊ म्हणतो कमरेतल्या इंजेक्शनमुळे. गरोदरपणात तिचं बीपी नॉर्मल होतं.
– हिंगणा

हे पत्र हाती आलं त्याच दिवशी फोनवर उत्तर कळवलं आहे. इथे इतरांसाठी छापतो.

आधी बीपी मोजा, बाकी सगळं नंतर. बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं बाई घरी आलेली असते तेव्हा. गरोदरपणात नॉर्मल असलेल्या बाईलाही नंतर झटके येऊ शकतात, सहा आठवड्यांपर्यंत. कमरेच्या इंजेक्शनचं डोकं बसलं-उभं राहिलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. बीपीचं डोकं आडवं होऊनही राहतं आणि सोबत अंधारी, डोळ्यांपुढे ठिपके, उजव्या बरगडीखाली दुखणं, उलटी येते. पण या फरकावर विसंबून घरी निदान करू नका.

मोजताना बाईला पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, पट्टा दंडाला साजेसा. बारीक पट्टा जाड दंडाला लावला तर आकडा खोटा वर येतो. १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० आलं तर त्याच तासात. लक्षणं असतील तर आकडा कितीही असो, थांबायचं नाही. बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल घेत असताना बाळाला अंगावर पाजता येतं. दुधासाठी गोळी बंद करणारे बरेच जण आहेत, तसं करू नका.

झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, १०८ ला फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोलवर, देऊनच पुढे पाठवतात. ते इंजेक्शन न देता नुसती गाडी नागपूरला पिटाळली, तर वाटेत दुसरा झटका येण्याची भीती असते.

प्रश्न: सातव्या दिवशी मुलगी माहेरी, नरखेडला येते आहे. आशाताईंच्या भेटी, पैसे यांचं काय?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या सहा घरभेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. या घरभेटींच्या पद्धतीमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतून केलेलं काम आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गावातल्या प्रशिक्षित बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्यावर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पण बाळंतीण सासरहून माहेरी गेली की दोन्हीकडच्या आशांच्या यादीतून ती निसटते. निघण्याआधी सासरच्या ताईंकडून माहेरच्या ताईंना फोन करवून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड मुलीच्या पिशवीतच द्या.

सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी १०२ ची गाडी मोफत आहे. जेवण नॉर्मलला तीन, सिझरला सात दिवसांपर्यंत. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६ हजार. खातं बाळंतिणीच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, सासऱ्यांच्या खात्यावर ते पैसे येत नाहीत.

प्रश्न: बहीण वीस दिवसांची बाळंतीण आहे. रात्री बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही. ‘मी चांगली आई नाही’ म्हणते. मुलगी झाल्यावर घरात कोणी काही बोललं असेल का, माहीत नाही.
– महाल, नागपूर

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणं बऱ्याच बायांना होतं, आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. वीस दिवसांनंतरही उदासी टिकून असेल, बाळ झोपलेलं असताना झोप नसेल, स्वतःला दोष देणं चालू असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि बरा होतो. तिला एकटीला गाठा आणि सरळ विचारा: ‘जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का? बाळाला काही करावं, असं येतं का?’ विचारल्यानं तो विचार मनात नव्यानं शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर एका क्षणासाठीही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे तो विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही. तिला भास होत असतील, घरच्यांवर विचित्र संशय येत असेल, दोन-तीन रात्री अजिबात न झोपता ती उत्साहात असेल, तर तो त्याहून तातडीचा आजार आहे, भगताकडे एक रात्रही घालवू नका.

घरात काम एकच करा: रात्रीचं एक दूध सोडून सलग चार-पाच तास ती झोपेल अशी सोय. आधी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं दुसऱ्या कोणी पाजावं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासा, या दोन्हींतल्या बिघाडानं अशीच मरगळ येते. आणि मुलगी झाली म्हणून कोणी काही बोललं असेल, तर ते बोलणाऱ्याला घरातल्या पुरुषानं थांबवायचं आहे. तुमच्या भाऊजींना हे पत्र वाचायला द्या.

प्रश्न: सवा महिन्यानंतर सगळं बरं असेल तर तपासणीला जायचं कशाला?
– पारशिवनी

बीपी, हिमोग्लोबिन, टाके, गर्भाशय मूळ आकाराला आलं का, लघवी खोकताना निसटते का, मन कसं आहे, एवढं बघायला. गरोदरपणात साखर वाढली असेल तर सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करावी लागते, नाहीतर पुढे मधुमेह उशिरा कळतो. आणि पाळणा. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हे तीन अटी एकत्र असतील तरच खरं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध रात्रंदिवस, आणि पाळी अजिबात नाही. एक अट सुटली की दुसरा उपाय हवा. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनंतर बसवता येते. मधल्या काळात बसवत नाहीत, कारण गर्भाशय अजून मऊ असतं आणि ती सरकते किंवा आरपार जाऊ शकते. म्हणून प्रसूतीला जातानाच नवरा-बायकोनं ठरवून, कार्डावर लिहून घेतलं तर सोपं जातं.